निरोपाची टाळी



खेळाडूची निवृत्ती हा रविवारच्या पत्रकाचा विषय होऊ शकतो का? काहींना तो वावगा वाटेल. पण १६ नोव्हेंबर २०१३ रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर सचिन तेंडुलकरने क्रिकेटचा निरोप घेतला, तेव्हा मैदानात आणि घरोघरी टीव्हीसमोर मोठमोठी माणसे रडली. त्यांतले बहुतेक त्याला कधी भेटलेही नव्हते. मग हे अश्रू कशाचे? ते खरे की खुळेपणाचे? आणि कोणाला निरोप देताना आपण नेमके काय देत असतो? हा प्रश्न क्रिकेटपुरता नाही, म्हणून त्यावर थोडे चिंतन करू या.

तो सचिनचा २०० वा कसोटी सामना होता. नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीत १६ वर्षांचा मुलगा म्हणून तो पहिल्यांदा खेळला होता. आता तो ४० वर्षांचा होता. आईने आपल्याला मैदानावर खेळताना कधी पाहिले नाही, म्हणून शेवटचा सामना मुंबईत व्हावा, अशी त्याने विनंती केली होती. आई आली. ७४ धावांवर तो बाद झाला. वेस्ट इंडीजविरुद्धचा तो सामना तिसऱ्याच दिवशी भारताने एक डाव आणि १२६ धावांनी जिंकला, पण विजयाकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते.

लोक त्याला ‘क्रिकेटचा देव’ म्हणत. पहिली आज्ञा मानणाऱ्या आपल्यासारख्यांना हा शब्द खटकतो, आणि खटकायलाच हवा. माणसाला देव केले की आपण त्याच्यावरही अन्याय करतो. त्याला थकण्याची, चुकण्याची मुभाच उरत नाही. पण त्या दिवशी सचिनने काय केले ते पाहा. कोणाचे नाव राहून जाऊ नये म्हणून त्याने हातात यादी घेतली होती. वडील, जे १९९९ मध्येच वारले होते, आई, शाळेसाठी ज्यांच्या घरी तो चार वर्षे राहिला ते काका-काकू, पहिली बॅट देणारी बहीण, भाऊ, पत्नी, मुले, मित्र, डॉक्टर. एकेकाचे नाव घेऊन त्याने आभार मानले. मूर्तीपुढे वाहिलेले फूल मूर्तीपाशीच राहते. ह्या माणसाने मात्र आपल्यावर उधळलेली फुले दुसऱ्यांच्या ओंजळीत टाकली. कृतज्ञता आणि मूर्तिपूजा ह्यांतला फरक आम्हांला इथे दिसतो.

आता गर्दीकडे पाहू. ह्याच वानखेडेवर मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध सचिन एका धावेवर बाद झाला, तेव्हा प्रेक्षकांतल्या काहींनी आपल्याच शहराच्या मुलाची हुर्यो उडवली होती. शेवटच्या सामन्यातही मुरली विजय बाद झाला तेव्हा मैदान आनंदाने गर्जले, कारण पुढचा फलंदाज सचिन होता! बिचाऱ्या विजयला काय वाटले असेल? गर्दीचे प्रेम असे असते. आपल्या प्रभूनेही ते अनुभवले. रविवारी झावळ्या हलवून यरुशलेमेत त्याचा जयजयकार झाला आणि शुक्रवारी जमावाने त्याचा मृत्युदंड मागितला.

मग निरोपाच्या दिवशीचे प्रेमही तसलेच होते का? आम्हांला तसे वाटत नाही. एरवीची टाळी धावांसाठी असते. आज शतक केलेस, उद्याही कर, असे ती म्हणते. तिच्यात कौतुकाबरोबर मागणीही असते. निरोपाच्या टाळीत मात्र मागणी नसते. ह्या माणसाकडून आता आपल्याला एकही धाव मिळणार नाही, हे ठाऊक असूनही लोक उभे राहतात. म्हणजे ज्या क्षणी मिळणे संपते, त्या क्षणी प्रेमाची खरी परीक्षा होते.

सचिनच्या भाषणात एक आठवण होती. गुरू रमाकांत आचरेकर सरांनी इतक्या वर्षांत त्याला ‘चांगला खेळलास’ असे कधी म्हटले नाही. मुलगा सुस्तावेल ही त्यांना काळजी. आता सामने उरले नाहीत, तेव्हा सर, आता म्हणायला हरकत नाही, असे तो हसत म्हणाला. शिष्याला घडवण्यासाठी कौतुक हात राखून करावे लागते, हे खरे. पण आयुष्यभर हात राखूनच वागायचे काय? आपल्या घरांतही ‘पोर चढून बसेल’ म्हणून शाबासकी दिली जात नाही आणि द्यायची ती वेळ निघून जाते.

निरोप कसा द्यावा, हे प्रेषितांच्या कृत्यांतील विसाव्या अध्यायात दिसते. संत पौलाने एफेसच्या वडील मंडळींना मिलेत येथे बोलावले. तीन वर्षे तो त्यांच्यात राबला होता. आपली पुन्हा भेट होणार नाही, असे त्याने सांगताच ते त्याच्या गळ्यात पडून रडले. आणि मग त्यांनीच त्याला तारवापर्यंत पोहोचवले. हे दुसरे पाऊल महत्त्वाचे. रडणे सोपे आहे. ज्याच्यासाठी रडतो, त्याला जाऊ देणे कठीण. पुनरुत्थित प्रभूनेही मरिया मग्दालेनाला आपल्याला धरून न ठेवण्यास सांगितले होते.

जाणाऱ्यालाही जाता यावे लागते. त्याच २०१३ च्या फेब्रुवारीत ८५ वर्षांच्या पोप बेनेडिक्ट सोळाव्यांनी शक्ती उणावल्याचे नम्रपणे सांगून पद सोडले. सुमारे ६०० वर्षांत असे घडले नव्हते. पुढची जवळजवळ दहा वर्षे ते प्रार्थनेत राहिले. काम संपले म्हणून माणूस संपत नाही, हे त्यांनी न बोलता शिकवले.

आता आपल्या दिघाशीकडे येऊ. वानखेडेवर कॅमेरे होते. आपल्याकडे बहुतेकांचा शेवटचा दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही. भिवंडीच्या यंत्रमागावर उभे आयुष्य काढलेला माणूस एके दिवशी घरी बसतो. वर्षानुवर्षे चर्च झाडणारी बाई गुडघे धरले म्हणून यायची थांबते. धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षिकेच्या जागी नवी येते. फादरांची बदली होते आणि पुढच्या रविवारी आपण नव्या फादरांची तुलना करू लागतो. घरातले म्हातारे आईवडील तर आपल्यातच असतात. फक्त त्यांच्या ‘धावा’ संपलेल्या असतात. ज्यांच्याकडून आता काही मिळायचे नाही, त्यांच्यासाठी आपण उभे राहतो का? आईबापांचा मान राखण्याची आज्ञा ते कमावते असेपर्यंतच आहे, असे पवित्र शास्त्रात कोठेही म्हटलेले नाही.

खेळाडूसाठी डोळे ओले झाले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. ज्याने वीस-चोवीस वर्षे आपल्याला आनंद दिला, त्याच्याविषयी मन भरून येणे हा चांगुलपणाच आहे. पण ते अश्रू घराच्या उंबऱ्याबाहेरच आटू नयेत.

ह्या आठवड्यात आपणही एक यादी करू या. ज्यांचे काम संपले आणि आभार मानायचे राहिले, अशी पाच नावे लिहू या. जे हयात आहेत त्यांच्या घरी जाऊन दोन शब्द बोलू या. जे प्रभूकडे गेले, त्यांची नावे पुढच्या रविवारच्या मिस्सात श्रद्धावंतांच्या प्रार्थनेच्या वेळी मनात घेऊ या. कोणाचेही नाव राहून जाऊ नये, एवढीच काळजी घेऊ या.