बोंड आपल्या वेळी उमलते

श्रद्धावंत भाविकहो,



दर्शन आटोपून देणगीची पावती घेण्यासाठी कार्यालयात आलेले कित्येक मातापिता घटकाभर टेकतात आणि मनातील चिंता बोलून दाखवितात. "मुलाने अजून कोणतीच दिशा धरली नाही. देवाला नवस बोललो आहोत. त्याचे पुढे कसे होणार?" मुलगा शेजारी मान खाली घालून उभा असतो. या प्रश्नाचे उत्तर देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु आपल्याच वर्धा जिल्ह्याच्या मातीत घडलेली एक हकिकत येथे सांगावीशी वाटते.

सन १९१६. वीस वर्षांचा विनायक भावे इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस निघाला आणि वाटेत सुरतेलाच उतरून काशीस गेला. हिमालयात जाऊन ब्रह्माचा शोध घ्यावा की बंगालात जाऊन क्रांतिकार्य करावे, अशा दोन ओढी त्याच्या मनात होत्या. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी जाणे झालेच नाही. काशीत महात्मा गांधींच्या भाषणाचा वृत्तांत वाचनात आला, पत्रव्यवहार झाला आणि पावले अहमदाबादच्या कोचरब आश्रमाकडे वळली. तेच पुढे आचार्य विनोबा झाले. सन १९२१ मध्ये ते वर्ध्यास आले.

विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीदेवी यांना संस्कृत गीता समजत नसे. सोपी मराठी गीता तूच का लिहीत नाहीस, असे त्यांनी मुलाला म्हटले होते. मुलाने लगेच लेखणी उचलली नाही. सन १९१८ मध्ये मातोश्री निवर्तल्या. विनोबा मात्र आश्रमात दळण, सूतकताई, सफाई, अध्ययन आणि अध्यापन हेच करीत राहिले. अखेर ऑक्टोबर १९३० मध्ये लेखनास आरंभ झाला आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये 'गीताई' पूर्ण झाली. आईचा शब्द बारा वर्षांहून अधिक काळ अंतःकरणात मुरत होता. लिहून व्हावयास अवघे चार महिने पुरले.

भाविकहो, ही वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल? ज्या हातांनी जाते ओढले, त्याच हातांनी पुढे गीताई लिहिली. वाट आपोआप उलगडते याचा अर्थ हातावर हात ठेवून बसणे असा नव्हे. समोर आलेले काम मनोभावे करावे, अंतरीची ओढ विझू देऊ नये आणि फळाची घाई करू नये. गीतेतील स्वधर्म तो हाच.

पुलगावच्या परिसरातील शेतकऱ्यास हे सांगावयास नको. पावसाळ्याच्या आरंभी पेरलेली कपाशी तो निंदतो, डवरतो, राखतो. परंतु हिरवे बोंड नखाने उकलून पाहत नाही. उकललेच तर हाती ओला, कच्चा कापूस येतो आणि तोही वाया जातो. वेळ आली की तेच बोंड आपण होऊन उमलते.

म्हणून मातापित्यांना नम्र विनंती की, मुलांसाठी अवश्य प्रार्थना करावी, परंतु शेजाऱ्याच्या मुलाचे यश त्यांच्यासमोर मापासारखे धरू नये. आणि तरुण मित्रांनो, वाट दिसत नसेल तर आज हाती असलेले काम नीट करा. रुक्मिणीदेवींना गीताई पाहावयास मिळाली नाही. तरी त्यांनी पेरलेला शब्द आज घरोघरी वाचला जातो.

आपणा सर्वांस धीर आणि सद्बुद्धी लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

आपला नम्र,
सचिव, संस्थान कार्यालय, पुलगाव