तिला काय कळतंय!

घरात लग्न निघालं की सगळ्यांच्या साड्या ठरतात. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलीचा ड्रेस मात्र आईच परस्पर आणते. सैलसर, मळखाऊ रंगाचा. केस वर्षानुवर्षं बॉयकट. पस्तिशी आली तरी ती 'आमचं बाळ'च. मग हे बाळ मेहंदीवालीपुढे हात पसरून बसतं, नवरदेवाच्या मित्राकडे बघून लाजतं आणि घरचे चपापतात. 'तिला काय कळतंय' म्हणणाऱ्यांची झोप उडते, ती तिला कळतंय म्हणूनच.

१९९४ साली शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या अशा काही जणींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. पाळीची स्वच्छता जमत नाही, हे एक कारण दिलं गेलं. पण ते शिकवता येतं. विशेष शिक्षिका पॅडवर लाल रंग लावून, चित्रांचा तक्ता न्हाणीघरात चिकटवून तीच कृती महिनोन्‌महिने करून घेतात. दुसरं कारण, गर्भ राहण्याची भीती. ते मला ऐकवत नाही. गर्भाशय काढून अत्याचार टळत नाही, तो उघडकीला येण्याची एक वाट तेवढी बुजते.

चंदीगडच्या सरकारी निवाऱ्यातल्या अशाच एका तरुणीला अत्याचारातून दिवस गेले. तिला मूल हवं होतं. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला; २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची संमती नाही म्हणून तो रोखला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही वंध्यत्व आणणाऱ्या उपचारांसाठी संमतीची अट घातली. आता हे कागदावर चोख आहे. पण जिला ड्रेसचा रंगही कुणी विचारला नाही, ती शस्त्रक्रियेचा फॉर्म पुढे आल्यावर काय करणार? आईच्या तोंडाकडे बघणार.

'माझ्यामागे हिचं कसं होणार' ही आईची धास्ती खोटी नाही. पण त्या धास्तीपोटी आपण मुलीला शिकवतो काय? सांगितलेलं ऐकायचं, हट्ट करायचा नाही, आलेल्या काकांना पापी द्यायची. कुणी नको तिथे हात लावला, तर हे सांगायला स्वतःच्या अवयवांची नावं यायला हवीत. तीही तिला आपण शिकवलेली नसतात.