जाणत्याचा सद्हेतू : फ्रायर लॉरेन्सच्या संदर्भात

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मधील अनर्थाची मीमांसा करताना समीक्षेची भिस्त बहुधा नियतीवर राहिली आहे. प्रारंभीचे सुनीतच प्रेमिकांचा मृत्यू जाहीर करते. मग नाटकातील प्रत्येक पूर्वसूचना त्या अटळ शेवटाची खूण ठरते. या वाचनात फ्रायर लॉरेन्स फार सहज सुटतो : हेतू चांगला, दैव प्रतिकूल. परंतु नाटकातील सर्वांत अर्थगर्भ पूर्वसूचना स्वतः लॉरेन्सच्याच तोंडी आहेत, याचे काय करायचे?

दुसऱ्या अंकात पहाटे वनस्पती खुडणारा हा वृद्ध एकाच फुलात विष आणि औषध कसे नांदते, सद्गुणाचाही गैरवापर झाला तर त्याचा दुर्गुण कसा होतो, हे सांगत असतो. १५९९ च्या क्वार्टो प्रतीत रोमिओचा प्रवेश फुलाविषयीच्या ओळींच्या आधीच नोंदवलेला आहे. (नंतरच्या अनेक संपादकांनी तो भाषणाच्या अखेरीस नेला, त्यात नाट्यार्थाची हानीच झाली.) माणसाच्या ठायीही ही दोन बळे परस्परांविरुद्ध उभी असतात, असे लॉरेन्स म्हणतो. आपल्या सद्हेतूला मात्र तो ही कसोटी लावत नाही.

विवाहाला तो संमती देतो ती एकाच कारणासाठी : दोन घराण्यांचे वैर मिटावे. प्रेमिकांच्या उतावळेपणावर त्याचा विश्वास नाही. धावणारा अडखळतो, असे तो बजावतो आणि तरीही लग्न लावतो. म्हणजे ज्यात त्याला धोका दिसतो, तेच तो नगराच्या व्याधीवर औषध म्हणून योजतो. माणसाला केवळ साधन मानू नये, या कांटच्या आग्रहाचा भंग येथे सद्भावनेतूनच घडतो.

प्लेगच्या संशयावरून फ्रायर जॉन अडकला आणि पत्र पोहोचले नाही, हा योगायोग खरा. पण तो प्राणघातक ठरला, कारण सारी योजना गुप्त होती. पॅरिसशी विवाह ठरला तेव्हा ‘ही विवाहित आहे’ एवढे एक वाक्य पुरेसे होते. ते उच्चारण्याऐवजी लॉरेन्स औषधाच्या कुपीकडे वळतो. सोफोक्लीसच्या डेआनिराला आपण लावलेल्या लेपाचे विषारीपण अंगरखा पाठवून झाल्यावर कळते. तिच्या अज्ञानाला निदान करुणेचा आधार आहे. लॉरेन्सला तो नाही. त्याला आधीच ठाऊक होते.

अखेरच्या अंकात थडग्यांना अडखळत धावणारा तोच असतो. आपल्याहून मोठ्या शक्तीने बेत उधळले, असे ज्युलिएटला सांगून, पहारेकऱ्यांची चाहूल लागताच तो तिला प्रेतांजवळ एकटी सोडून निघून जातो. पुढे तो कबुली देतो, तीही ‘जर माझा दोष असेल तर’ अशा अटीसह. आर्थर ब्रुकच्या १५६२ च्या काव्यात हा साधू शेवटी एकांतवासात जातो. शेक्सपिअरचा प्रिन्स त्याच्या पुण्यशीलतेचा उल्लेख करतो. काहींना क्षमा होईल, काहींना शिक्षा, असेही सांगतो. लॉरेन्सचे नाव कोणत्या यादीत, हे मात्र तो उच्चारत नाही.