बरं आहे ना?



धर्मग्रामातील काही तरुण अलीकडे पहाटे धावण्याचा सराव करतात. त्यांतल्या एकाने आम्हांला विचारले, "फादर, तुम्ही खरंच स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातली शर्यत धावला होता?" धावलो म्हणणे धाडसाचे होईल. चढलो, चाललो आणि उतारावर थोडेफार पळालो. मात्र त्या दिवसाची एक गोष्ट आम्ही आजवर कोणाला सांगितली नव्हती.

२०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे फादर तिथल्या एका धर्मग्रामात महिनाभर सेवेसाठी गेलो होतो. त्या व्हाले प्रांतात १९७४ पासून ऑगस्टमध्ये सिएर ते झिनाल अशी शर्यत होते. अंतर ३१ किलोमीटर, चढ सुमारे २,२०० मीटरचा. आपले कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर, यावरून अंदाज करा. सुरुवातीलाच जंगलातून अंगावर येणारी चढण आहे. शांदोलाँ गाव मागे पडले की वाट मोकळी होते आणि चार हजार मीटरच्या वरची पाच शिखरे दिसू लागतात, त्यांत मॅटरहॉर्नही आहे. ही शर्यत सुरू करणारे जाँ-क्लोद पाँ हे विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक. आम्हीही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, पण व्हॉलीबॉलपलीकडे आमची उडी गेली नाही.

आमच्यासारख्यांसाठी तिथे पर्यटकांचा वेगळा गट असतो, तो अंधार असतानाच निघतो. (शर्यत रविवारी होती. शनिवारी संध्याकाळची मिस्सा आम्ही अर्पण केली होती, हे आधीच सांगून ठेवतो.) सात तासांच्या आत पोहोचायचे, असे आम्ही ठरवले. लक्षात घ्या, ही वेळ आमच्यावर कोणी लादली नव्हती.

शांदोलाँच्या पुढे वाटेकडेला एक वयस्कर गृहस्थ दगडावर बसले होते. एका पायातला बूट काढलेला. छातीवर आमच्यासारखाच क्रमांक. आम्ही चालता चालता विचारले, "सा व्हा?" म्हणजे, बरं आहे ना? त्यांनी हात वर करून तेच दोन शब्द परत केले. आम्ही पुढे गेलो.

तासाभराने वाइसहॉर्न हॉटेलपाशी गरम चहा घेताना आमच्यातला एक म्हणाला, "त्यांचा घोटा सुजलेला होता." दुसरा म्हणाला, "मीही पाहिलं." मग दोघेही गप्प. दोघांनी पाहिले होते, आणि दुसरा थांबत नाही म्हणून दोघेही थांबले नव्हते. "आम्ही" या शब्दात लपायला फार जागा असते. तिथल्या स्वयंसेवकांना निदान कळवावे, हेसुद्धा आम्हांला सुचले नाही. घड्याळाकडे मात्र दोघांनीही पाहिले.

आता आमच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हणून पाहू. ते गृहस्थ जाणते होते, त्यांनी स्वतःच्या तोंडाने ठीक असल्याचे सांगितले, आणि माणसाच्या शब्दाला मान द्यावा. हा युक्तिवाद आम्ही स्वतःशी पुष्कळदा केला. अडचण अशी की, पुढे सरकणाऱ्या माणसाने विचारलेल्या त्या प्रश्नाला दुसरे उत्तर देताच येत नाही. "नाही, बरं नाही" म्हणायचे, तर विचारणारा उभा राहायला हवा. मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात आम्ही तुम्हांला विचारतो, "काय, बरं आहे ना?", आणि नजर पुढच्या माणसाकडे गेलेली असते. तुम्ही "हो फादर" म्हणता. त्यातले किती "हो" खरे असतील?

प्रिन्स्टन येथील सेमिनरीच्या ४० विद्यार्थ्यांवर डार्ली आणि बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायचे होते. काहींचा विषय होता चांगल्या शोमरोन्याचा दाखला. वाटेत एक माणूस दारात कोसळून कण्हत बसलेला असेल, अशी व्यवस्था केली होती. ज्यांना सवड होती, त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते, त्यांच्यापैकी १० टक्के. भाषणाच्या विषयाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सेमिनरीत हा प्रयोग वाचून आम्ही हसलो होतो.

त्या विद्यार्थ्यांची बाजू तरी घेता येते: पुढे कोणीतरी त्यांची वाट पाहत होते. झिनालमध्ये आमची वाट कोणी पाहत नव्हते. संत थॉमस अक्वायनस म्हणतात, धैर्याचे मुख्य कार्य चढाई करणे नव्हे, तर टिकून राहणे. त्या चढणीवर आम्हांला हे वचन आपल्यासाठीच लिहिल्यासारखे वाटले होते. पण टिकून राहायचे ते कोणत्या भल्यासाठी, हा प्रश्न त्यांनी सोडलेला नाही, आम्ही सोडला. आणखी एक कबुली. तीच व्यक्ती आपल्या गावच्या रस्त्यावर बसलेली असती, तर आम्ही नक्की थांबलो असतो. पण प्रेमापोटी की लोक पाहतात म्हणून, हे सांगणे कठीण आहे. परदेशात आम्हांला कोणी ओळखत नव्हते. पांढरा झगाही अंगावर नव्हता.

आम्ही ६ तास ५२ मिनिटांत पोहोचलो. संध्याकाळी सिएरला परतणाऱ्या पिवळ्या बसमध्ये चढलो, तर ते गृहस्थ खिडकीशी बसलेले. घोट्याला पट्टी होती. शेजारी दोन तरुणी, त्यांच्याही छातीवर क्रमांक. त्यांनी या गृहस्थांना आधार देत शांदोलाँपर्यंत मागे नेले होते. त्यांची शर्यत तिथेच संपली होती. गृहस्थांनी आम्हांला ओळखले, समोरच्या आसनावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बसण्याची खूण केली. मग हसून, अगदी आपुलकीने विचारले, "किती वेळ लागला?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. शेवटी एकाने खाली बघत वेळ सांगितली.