मनूचा मासा आणि आपले शेततळे

गळ्यात तुळशीची माळ असलेल्या शेतकऱ्याने आपल्या शेततळ्यात मासे सोडावेत की नाही? 2016 साली राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली आणि डाळिंब-द्राक्षांच्या पट्ट्यात प्लास्टिक अंथरलेली तळी आणखी वाढली. तळे भरले की पाण्याबरोबर मासेही पिकवावेत, हा विचार ओघानेच येतो. मग घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, जीव वाढवून मारायला द्यायचे, हे पाप आपल्या दारात नको. नातू म्हणतो, “आजी, आपण कुठे खातोय? आपण मारतही नाही. व्यापारी येतो, जाळे टाकतो, माल घेऊन जातो.”

नातवाच्या उत्तरात व्यवहार आहे, पण धर्मविचाराच्या कसोटीला ते उतरत नाही. बुद्धाने उपासकांसाठी पाच व्यापार वर्ज्य सांगितले. त्यांत मांसाचा व्यापार एक आणि प्राण्यांचा व्यापार दुसरा, असे दोन्ही स्वतंत्रपणे येतात. म्हणजे सुरी दुसऱ्याच्या हातात आहे, एवढ्याने जिवंत प्राणी विकणारा सुटत नाही. जैन परंपरेने श्रावकासाठी पंधरा निषिद्ध धंद्यांची यादी केली. त्यांत तळी-सरोवरे आटवण्याचा धंदाही आहे. पंप लावून तळे उपसायचे आणि तळाच्या चिखलात तडफडणारे मासे गोळा करायचे, हा प्रकार ज्याने पाहिला आहे त्याला ही बंदी का घातली असेल, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

पण आजीचे म्हणणे तरी पूर्ण आहे का? भोई, कोळी, ढीवर, केवट या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरून संसार केले. त्या सगळ्यांना एका वाक्यात अधर्मी ठरवणे हा कसला धर्म? महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध भेटतो. तो मांस विकतो आणि तपाचा ताठा चढलेल्या कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवतो. नांगर चालतो तेव्हा जमिनीतले किती जीव मरतात याची आठवण तो करून देतो, आणि ती आठवण शेतकऱ्याच्या घरात तरी नाकारता येणार नाही. तळ्यात एकही मासा न सोडणाऱ्याच्या ज्वारीलाही कुणाचा तरी जीव द्यावा लागलेला असतो.

म्हणून मारावे की मारू नये एवढ्यावरच वाद थांबवला, तर प्रश्नाचा मोठा भाग हातातून निसटतो. माशाचे मरण एका सकाळी येते. त्याआधी तो आठ-दहा महिने, कधी वर्षभर, तळ्यात जगलेला असतो. त्या जगण्याचे उत्तरदायित्व कुणाचे?

मासा पाळण्याची एक फार जुनी कथा शतपथ ब्राह्मणात आहे. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यातून मनूच्या ओंजळीत एक छोटा मासा येतो आणि सांगतो, माझा सांभाळ कर, मी तुला तारीन. पुढे पूर येतो, मनूची नाव माशाच्या शिंगाला बांधली जाते, हा भाग सर्वांना ठाऊक असतो. कथेचा आधीचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. मासा आपली भीती बोलून दाखवतो. आम्ही लहान असतो तोवर मोठे मासे आम्हाला गिळतात, तेव्हा आधी मला घड्यात ठेव. घडा अपुरा पडला की खड्डा खणून त्यात ठेव. खड्डाही पुरेनासा झाला की समुद्रात सोड, मग मला कुणाचे भय नाही. महाभारतात याच कथेत मोठे तळे आणि गंगा हे टप्पे येतात. मनू प्रत्येक टप्प्यावर माशाचे ऐकतो.

त्या कथेतला मनू भांडे बदलत राहतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे घडाच आहे म्हणून माशाने घड्याएवढेच राहावे, असे तो म्हणत नाही.

याच मनूची दुसरी ओळख कौटिल्याच्या अर्थशास्त्रात होते. मोठा मासा लहान माशाला खातो, त्या मत्स्यन्यायाने गांजलेल्या प्रजेने वैवस्वत मनूला राजा केले आणि धान्याचा सहावा हिस्सा त्याला देऊ केला, असे तिथे सांगितले आहे. एका ग्रंथात माशाला मोठ्या माशांपासून वाचवणारा मनू, दुसऱ्यात माणसांना मत्स्यन्यायापासून वाचवणारा मनू. ‘निसर्गात मासा माशाला खातोच, मग आपण वाढवून विकला तर काय बिघडले’ हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. त्याला या दोन कथा एकत्र ठेवल्या की उत्तर मिळते. शेततळे हा निसर्ग नव्हे. तिथे कोण राहील, किती राहतील, काय खातील, पाणी किती असेल, हे सगळे मालक ठरवतो. मत्स्यन्याय त्याने स्वतःच बंद केला आहे. राजाचा अधिकार घेतला की राजाची जबाबदारीही आलीच.

हा अधिकार किती कठोर असतो ते जुन्या, मातीच्या तळ्यात पहिल्याच पावलाला दिसते. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडण्याआधी तिथे राहणारे मरळ, मागूर, शिंगाळा यांसारखे शिकारी मासे काढावे लागतात, नाहीतर ते बोटुकली फस्त करतात. त्यासाठीचा रूढ उपाय म्हणजे मोहाची पेंड, मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी सुमारे 2500 किलो. पेंडीतले सॅपोनिन कल्ल्यांवाटे रक्तात जाते, तांबड्या पेशी फुटतात आणि मासे मरून वर येतात. पुढे पेंडीचा विषारी अंश उतरतो, पेंड कुजून तिचे खत होते आणि दोन-तीन आठवड्यांनी नवे मासे सोडता येतात. तळ्याचे व्यवस्थापन म्हणून यात चूक काढता येणार नाही. पण जीवहत्येचा हिशेब मांडायचाच असेल तर तो पहिल्या विक्रीपासून नव्हे, इथपासून मांडावा. पुन्हा पुन्हा जाळे ओढून हे मासे जिवंत काढता येतात. कष्ट जास्त, खर्चही जास्त. ज्याला आजीचे म्हणणे मनापासून पटते त्याने तो खर्च करावा. नव्या प्लास्टिकच्या तळ्यात तर हा प्रश्न बहुधा येतच नाही.

मत्स्यबीजाचाही इतिहास आहे. कटला, रोहू, मृगळ हे वाहत्या नदीत विणारे मासे. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पण अंडी घालत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगूल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले. तोच दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. ती ग्रंथी दुसऱ्या माशाच्या डोक्यातून काढावी लागे. आता कृत्रिम संप्रेरके मिळतात, त्यामुळे तो जीव वाचतो. विज्ञानाने पुढे जाता जाता हिंसाही कमी केली, याचे हे चांगले उदाहरण आहे.

बोटुकली येते ती प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवी फोडून मासे धाडकन तळ्यात ओतले तर पाण्याच्या तापमानातला फरक त्यांना सोसत नाही, बरेचसे तिथेच दगावतात. जाणता माणूस बंद पिशवी 15-20 मिनिटे तळ्यावर तरंगत ठेवतो. मग तोंड सोडून तळ्याचे पाणी ओंजळीओंजळीने आत घालतो. शेवटी पिशवी आडवी करतो आणि हात काढून घेतो. बोटाएवढे मासे आधी तोंडाशी घुटमळतात, एक बाहेर पडतो, मागोमाग झुंबड उडते. या वीस मिनिटांत खर्च काही नाही, फक्त थांबायचे असते. थांबणे हाही धर्मच आहे, आणि गाडीवाल्याला पुढच्या गावी जायची घाई असते तेव्हा त्याची परीक्षा होते.

हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली हे सर्वसाधारण प्रमाण. दहा गुंठ्यांच्या तळ्याला म्हणजे पाचशे ते हजार. बीज स्वस्त असते, म्हणून माणूस तीन-चार हजार सोडतो. परिणाम पावसाळी दिवसांत पहाटे दिसतो. रात्री शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ मिळून असलेला वापरतात. सूर्य उगवण्यापूर्वी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. आभाळ आलेले असेल तर आणखीच कमी. अशा वेळी सगळे तळे तोंडांनी भरून जाते. मासे पृष्ठभागाशी येऊन उघड्या तोंडाने हवा ओढत असतात, काठावर पाय वाजला तरी खाली जात नाहीत. नदीतल्या माशाला दुसरा डोह गाठता येतो. इथे चारी बाजूंना प्लास्टिकचा उतार असतो. पंप लावून पाणी फवारायचे, ताजे पाणी सोडायचे, त्या दिवशी खाद्य बंद ठेवायचे, हे उपाय सर्वांना माहीत असतात. ते करायला पहाटे काठावर कुणीतरी असावे लागते.

एप्रिल-मे महिन्यांत याहून अवघड पेच येतो. बागेला पाणी हवे आणि माशांनाही हवे. तळे मुळात बागेसाठी खोदलेले, म्हणून पातळी उतरत जाते, पाणी तापते, मासे दाटीवाटीने तळाशी जमतात. बाग वाळू द्यावी, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण हा उन्हाळा अचानक येत नाही. मासे पाऊस संपता संपता सोडायचे की आधी, लवकर मोठी होणारी बोटुकली घ्यायची का, मार्चमध्येच विक्री करायची का, हे आदल्या वर्षी ठरवता येते. ज्याला तळ्यात दीड मीटर पाणी राखता येणार नाही त्याने त्या वर्षी मासे सोडू नयेत. मनूच्या कथेचा अर्थ शेततळ्यापुरता एवढा सरळ आहे.

माशाला हे सारे जाणवते का? 2003 साली एडिंबरोजवळच्या रोझलिन संस्थेत लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष आणि ॲसेटिक आम्ल टोचले. ते मासे डुलू लागले, काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले, खाणे बराच वेळ टाकले. ऑस्ट्रेलियातल्या ब्रायन की यांच्यासारखे शास्त्रज्ञ हे मानत नाहीत. माशाच्या मेंदूत मानवी मेंदूसारखा बाह्यस्तर नाही, मग वेदनेची जाणीव कशी होईल, असा त्यांचा आक्षेप आहे. वाद संपलेला नाही. तरी एप्रिल 2024 मध्ये न्यूयॉर्क येथे जाहीर झालेल्या निवेदनात अनेक शास्त्रज्ञ-तत्त्वज्ञांनी सर्व पृष्ठवंशी प्राण्यांना, म्हणजे माशांनाही, जाणीव असण्याची खरीखुरी शक्यता मान्य केली. भारताच्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही माणूस सोडून प्रत्येक सजीव ‘प्राणी’ आहे. शंका असेल तेव्हा तिचा फायदा ज्याला सोसावे लागते त्याला द्यावा, हे कोणत्याही परंपरेला मान्य व्हावे.

मग मारण्याची रीतही धर्माच्या चौकटीत येते. जाळ्यातून काढलेला मासा टोपलीत गुदमरत ठेवणे ही आपल्याकडची सर्रास पद्धत. बर्फात टाकलेला मासाही लगेच मरत नाही. डोळ्यांच्या मागे, डोक्यावर एक नेमका जोरदार घाव घातला तर मासा तत्काळ बेशुद्ध होतो. स्वित्झर्लंडमध्ये मारण्याआधी मासा बेशुद्ध करणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे शेतकरी ही अट व्यापाऱ्याला तोंडी घालू शकतो. माल शेतकऱ्याचाच असतो.

अशोकाने राज्याभिषेकाला 26 वर्षे झाल्यावर कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात काही ठरावीक दिवशी मासे मारू नयेत, विकूही नयेत असे फर्मावले, आणि कोळ्यांच्या राखीव जलाशयांतल्या इतर जीवांनाही त्या दिवशी अभय दिले. सम्राटाने मासेमारी बंद केली नाही, तिला मर्यादा घातली. आपल्याकडे रायगडाच्या परिसरात काळ नदीवर वाळणकोंडीचा डोह आहे. तिथल्या महसीर माशांना वरदायिनी देवीचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही. कायद्याशिवाय एक जात तिथे टिकली.

पण या श्रद्धेची उलटी बाजूही आहे. पुण्य मिळावे म्हणून बाजारातले मासे विकत घेऊन ओढ्यात सोडले जातात. टाकीत मोठा झालेला, मारवत नाही असा परदेशी मासाही हळूच नदीत जातो. सोडणाऱ्याच्या मनात करुणाच असते. नदीत मात्र तिलापिया किंवा सकर मासा पसरतो आणि मरळ, खवली यांच्या पिल्लांची जागा जाते. थाई मागूर पाळायला देशात बंदी आहे ती याच धोक्यामुळे. हिंसा टाळण्यासाठी केलेल्या या कृतीत मरणाऱ्या पिल्लांना कुणी मोजत नाही.

तेव्हा माळकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर काय? ज्याच्या मनाला विक्री टोचते त्याने तळ्यात मासे सोडू नयेत आणि त्यासाठी त्याला कुणी मागासलेला म्हणू नये. ज्याला सोडायचे आहेत त्याने ‘मी कुठे मारतोय’ या वाक्याचा आधार सोडावा. दहा गुंठ्यांना पाचशे-हजारापेक्षा जास्त बोटुकली घेऊ नये, मे महिन्याच्या पाण्याचा हिशेब आधी करावा, पहाटे काठावर कोण जाणार ते घरात ठरवावे, व्यापाऱ्याशी दराबरोबर मारण्याची रीतही बोलून घ्यावी, आणि उरलेला एकही मासा ओढ्यात सोडू नये. यातले जे जमणार नसेल ते जमेपर्यंत तळ्यात नुसते पाणी असू द्यावे.