वर्गप्रतिनिधी कोण निवडतो?

दर 25 जानेवारीला महाराष्ट्रातल्या कॉलेजांत राष्ट्रीय मतदार दिन साजरा होतो. शपथ होते, रांगोळी स्पर्धा होते, ज्यांचे नाव मतदारयादीत नाही त्यांच्याकडून सहा नंबरचा फॉर्म भरून घेतला जातो. पुणे विद्यापीठाने तर ‘लोकशाही, निवडणूक आणि सुशासन’ हा विषयच अभ्यासक्रमात आणला. हे सगळे हवेच. पण फॉर्म भरणाऱ्या मुलीला विचारून पाहा, तुझ्या वर्गाचा प्रतिनिधी तू निवडलास का? बहुतेक ठिकाणी ती नकारार्थी मान हलवेल. अठराव्या वर्षी ती खासदार निवडू शकते, एकविसाव्या वर्षी सरपंचपदाला उभी राहू शकते, मात्र कॉलेजचा जीएस, म्हणजे विद्यार्थ्यांचा सचिव, कोण असावा हे तिला कोणी विचारत नाही.

याला इतिहास आहे, आणि तो हलक्याने घ्यावा असा नाही. 1989 मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकांच्या धामधुमीत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पालकांची भीती खरी होती. पुढे 1994 च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेची पद्धत पक्की केली: आदल्या परीक्षेत चमकलेला विद्यार्थी प्राचार्यांनी वर्गातर्फे नेमायचा आणि अशा नेमलेल्यांनी आपल्यातून सचिव निवडायचा. याच काळात 73वी घटनादुरुस्ती अमलात आली, राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला, ग्रामपंचायतीच्या एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखल्या गेल्या. गावात मतदानाला घटनेची हमी मिळत असताना कॉलेजातले मतदान बंद पडले होते.

पहिला आलेला विद्यार्थी हुशार असतोच. पण शिष्यवृत्तीचा हप्ता अडकला, मेसचे जेवण तोंडात घालवत नाही, शेवटची एसटी प्रॅक्टिकल संपायच्या आत सुटते, अशा वेळी कार्यालयात जाऊन भांडायला आणि परत येऊन वर्गाला उत्तर द्यायला माणूस लागतो. नेमलेला मुलगा नेमणाऱ्याकडे बघतो. त्याचा स्वभाव वाईट असतो म्हणून हे घडत नाही. वर्ग त्याला बदलू शकत नाही, म्हणून घडते.

माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने 2006 मध्ये हे नेमके ओळखले. सर्वोच्च न्यायालयाने त्या शिफारशी त्याच वर्षी लागू केल्या. एका उमेदवाराला पाच हजार रुपयांपर्यंत खर्च, छापील पोस्टरला बंदी, पदवीच्या विद्यार्थ्याला वयाची मर्यादा, 75 टक्के हजेरीची अट, हे त्यातले भाग पेपरात गाजले. कमी बोलले गेले ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. जिथे वातावरण बिघडलेले आहे तिथे नेमणूक चालेल, पण तात्पुरती. पाच वर्षांत सगळ्यांनी निवडणुकीकडे वळावे, आणि तोवरची नेमणूकही केवळ गुणांवर नसावी, असे समितीने म्हटले होते. महाराष्ट्र करत होता ते याच्या बरोबर उलट होते.

2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुली निवडणूक परत आणली. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी, अशी विद्यार्थी परिषदेची रचना कागदावर आली. 2019 मध्ये कार्यक्रम जाहीर झाला, विधानसभेची निवडणूक तोंडावर आहे म्हणून पुढे ढकलला गेला, मग कोविड आला. निवडणूक न होण्याची किंमत साधी नाही. कॉलेज विकास समितीवर, जिथे अंदाजपत्रक आणि शुल्काची चर्चा होते, परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव सदस्य असतात. कायद्याने विद्यार्थ्यांना पैशांच्या टेबलापर्यंत नेले. पण निवडूनच कोणी आला नसेल, तर त्या खुर्चीवर मुलांचा माणूस बसत नाही. मला सगळ्यात जास्त खटकते ते हे.

पक्ष घुसतील, पैसा येईल, ही शंका रास्त आहे. पण पक्ष कॉलेजाबाहेर थांबलेले नाहीत. निवडणूक नसली की ते फ्लेक्सवर आणि दहीहंडीत दिसतात, आणि तिथे त्यांना प्रश्न विचारायची सोय नसते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात निवडणूक घेणारा आयोगच विद्यार्थ्यांचा असतो. मतदानाआधी अध्यक्षपदाचे उमेदवार सगळ्यांसमोर एकाच मंचावर येतात, एकमेकांना अडचणीचे प्रश्न विचारतात, आणि ही सभा रात्री उशिरापर्यंत रंगते. तिथेही भांडणे होतात. 2018 मध्ये गोंधळामुळे मतमोजणी काही तास थांबली. पुन्हा सुरू झाली, निकाल लागला. अर्ज छाननी, हरकत, फेरमोजणी, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच कँटीनमध्ये चहा पिणे, यातले काहीही क्रमिक पुस्तकातून शिकवता येत नाही.

निवडणुका सुरू होईपर्यंत हात बांधून बसायचेही कारण नाही. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून चालू आहे. दत्तक गावातले सात दिवसांचे शिबिर पुष्कळांच्या आठवणीत कायमचे राहते. मुले गटार साफ करतात, बंधारा घालतात, संध्याकाळी पथनाट्य करतात. ते गटार ग्रामपंचायतीने का साफ केले नाही, निधी आला होता का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. शिबिर बऱ्याचदा डिसेंबर-जानेवारीत असते आणि 26 जानेवारीला ग्रामसभा भरते. मुलांनी तिथे मागच्या ओळीत बसून ऐकावे, जमाखर्चाचे वाचन टिपून घ्यावे, कोण बोलले आणि कोणाला बोलू दिले नाही ते लिहावे. त्यांच्यातल्या अनेकांचे स्वतःचे गावही असेच असते, आणि पुढच्या ग्रामसभेला ते तिथे मतदार म्हणून बसणार असतात. शिबिराच्या तारखा कॉलेजच ठरवते. त्या ग्रामसभेशी जुळवायला शासनाचा वेगळा आदेश लागत नाही, कार्यक्रम अधिकारी आणि प्राचार्य यांची एक बैठक पुरते.