मागे वळणे
(वचन : उत्पत्ति २६:१७–२२)



मुंबईहून लोणावळ्यास येणारा बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. खंडाळ्याजवळ डोंगराच्या कडेस गाडी वळविण्याइतकी जागाच नव्हती. म्हणून तेथे गाडी थांबे. इंजिन दुसऱ्या टोकास जोडीत, आणि मागला डबा पुढे करून गाडी उरलेली चढण चढे. १९२९ साली नवा मार्ग झाला. तोवर सहासष्ट वर्षे या वाटेने मावळात येणारा उतारू उलट फिरूनच वर येत असे.

इसहाकाचेही असेच झाले. गराराच्या खोऱ्यात त्याच्या चाकरांस झऱ्याचे पाणी लागले, तोच तेथील गुराखी त्यावर हक्क सांगू लागले. दुसरी विहीर खणली, तिच्यावरूनही तंटा झाला. तेव्हा तो तेथून निघाला व त्याने तिसरी खणली. तिजवरून कोणी भांडले नाही. तिचे नाव त्याने रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा, असे ठेविले. त्याने तंटा सोडिला, परंतु खणणे सोडिले नाही, हे ध्यानात धरावे.

आम्ही आपला दोष कबूल करितो. एका गावी उपासनेनंतर, बाप्तिस्म्यात पाणी शिंपडावे की मनुष्यास बुडवावे, यावर आम्ही एका गृहस्थाशी मध्यरात्रीपर्यंत वाद घातला. ओसरीवर एक विधवा भगिनी आपल्या आजारी मुलासाठी प्रार्थना मागावयास बसली होती. वाद संपला नाही. ती मात्र उठून गेली. सकाळी आम्ही तिच्या दारी गेलो. तिने बसावयास पाट दिला, पण प्रार्थनेचा शब्द काढिला नाही. मग आम्हीच गुडघे टेकिले.

वाद कोठे सोडावा, हे कसे ओळखावे? आपणांस सत्य हवे की जय, हे मनास विचारावे. दुसऱ्याचे बोलणे पुरे होण्यापूर्वीच आपले उत्तर ओठांवर आले, तर तेथेच थांबावे. रात्री भेटावयास आलेल्या निकदेमाशी प्रभु बोलला. चमत्काराची मौज पाहू इच्छिणाऱ्या हेरोदास त्याने एका शब्दानेही उत्तर दिले नाही.

तथापि दुर्बळाच्या भाकरीचा प्रश्न असता गप्प बसणे ही शांति नव्हे. १९२१ साली मुळशी खोऱ्यातील मावळे आपली शेते धरणाखाली जाऊ नयेत म्हणून उभे राहिले. त्यास निरर्थक वाद कोण म्हणेल?

परंतु बांधावर अथवा मंडळीच्या सभेत जेथे आपला मान एवढाच अडला असेल, तेथून आपण मागे वळू या, आणि पुढे जाऊन नवी विहीर खणू या. प्रभु आपणांस ऐसपैस जागा देवो. आमेन.